पायडलाचा पूर्ण फेरा

सायकलच्या क्रँकची लांबी बहुतेक वेळा १७० मिलिमीटर असते. म्हणजे पायडल जे वर्तुळ काढते त्याचा व्यास ३४० मिलिमीटर, हातभरही नाही. सायकल चालवणारा माणूस आयुष्यात हे वर्तुळ लाखो वेळा पुरे करतो आणि त्याचा कधी विचारही करत नाही. गुडघ्याचा सांधा बदलून घेतला की मात्र काही आठवडे त्याच्या डोळ्यांपुढे तेवढेच एक वर्तुळ असते. फिजिओथेरपिस्ट त्याला स्टॅटिक सायकलवर बसवते. सीट मुद्दाम उंच केलेली, चाकाला ओढ जवळजवळ नाहीच. पाय खाली जातो, मागून वर चढू लागतो आणि माथ्यावर पोचण्याआधी अडतो. “काका, जोर लावू नका. मागे आणा. आता पुन्हा पुढे.” असे पुढे-मागे, पुढे-मागे बरेच दिवस चालते. पहिला पूर्ण फेरा बहुधा उलटा पडतो, कारण उलट्या दिशेने पायडल मारताना माथा ओलांडणे गुडघ्याला थोडे सोपे जाते. सुलटा फेरा त्यानंतर.

साठी-सत्तरीच्या मराठी माणसाला ही अर्धी पायडले अनोळखी नसतात. तासाच्या भाड्याने आणलेल्या मोठ्यांच्या सायकलवर सीटवरून पाय पोचत नव्हता, तेव्हा नळीखालून पाय घालून तो असाच अर्धे-अर्धे पायडल मारत शिकला होता. पूर्ण फेरा जमला की सायकल आली असे धरले जाई. तेव्हा उंची कमी पडत होती, आता गुडघ्याचा कोन कमी पडतो.

या कोनाचा हिशेब सरळ आहे. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारण ६० ते ६५ अंश वाकतो. जिना चढता-उतरताना ८० ते ९० लागतात, खुर्चीतून उठताना ९० किंवा थोडे अधिक. पायडल माथ्यावर असताना गुडघ्याला १०५ ते ११० अंशांच्या आसपास वाकावे लागते, आणि जमिनीवर मांडी घालून बसायचे तर त्याहूनही पुष्कळ जास्त. घरातली बहुतेक हालचाल ९० अंशांत भागते. म्हणूनच कित्येकांचा गुडघा तिथेच राहतो. चालता येते, संडासाला उंच कमोड बसवून घेतलेला असतो, डॉक्टरांनी फोटो पाहून सांधा उत्तम बसल्याचे सांगितलेले असते. मग उरलेल्या पंधरा-वीस अंशांसाठी रोज डोळ्यांत पाणी आणणारा व्यायाम कोण करणार? सायकलला मात्र ते पंधरा-वीस अंश हवेच असतात. चालणाऱ्याला लंगडून, पाय फेकून, कंबर उचलून वेळ मारून नेता येते. पायडलाला असे काही चालत नाही. फेरा पुरा होतो किंवा होत नाही.

म्हणायला ‘वाट्या बदलल्या’, पण गुडघेरोपणात होते ते वेगळेच. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा काही मिलिमीटर कापून त्यांवर धातूचे आवरण बसवतात. मांडीच्या बाजूला सहसा कोबाल्ट-क्रोम, नडगीच्या बाजूला टायटॅनियम किंवा कोबाल्ट-क्रोमची बैठक, आणि दोहोंमध्ये पॉलिथिलीनची चकती. गुडघ्याची वाटी कधी जागेवर तशीच ठेवतात, कधी तिच्या पाठीवर प्लास्टिकची गोल टिकली चिकटवतात. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत आटोपते. आतला सांधा त्याच दिवशी नवा होतो. त्याभोवतीचा माणूस मात्र जुनाच असतो. वर्षानुवर्षांच्या दुखण्याने मांडीचा पुढचा स्नायू आधीच वाळलेला, आणि शस्त्रक्रियेच्या सुजेमुळे मेंदूचा त्या स्नायूला जाणारा हुकूमही दबलेला. पहिल्या महिन्यात त्या स्नायूची ताकद शस्त्रक्रियेपूर्वी होती त्याच्या निम्म्याहूनही खाली जाते. सांधा बदलून आलेला माणूस ‘उभंच राहवत नाही’ म्हणतो तेव्हा दोष बहुधा सांध्यात नसून त्या स्नायूत असतो.

आणि इथेच घरच्यांचे प्रेम आडवे येते. “बाबा, एवढे पैसे खर्च करून गुडघा बसवलाय, आता जपा.” हे ‘जपा’ महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत ऐकू येते. त्यामागची काळजी खरी आहे. पण सांधा जपण्याचा अर्थ तो कमी हलवणे असा घेतला गेला, की लाखो रुपयांचा सांधा खुर्ची आणि पलंग यांच्यामध्येच अडकून पडतो. या समजुतीला जुना इतिहास आहे. सुरुवातीचे कृत्रिम सांधे खरोखरच लवकर झिजत, आणि त्या झिजेशी झगडण्यात एका माणसाने आपली बरीच उमर घातली.

जॉन चार्नली हे इंग्लंडातल्या लँकेशायरचे अस्थिशल्यविशारद. विगन गावाजवळच्या राइटिंग्टन या जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्यांनी खुब्याच्या शस्त्रक्रियेचे केंद्र उभारले. १९५०च्या दशकात त्यांच्याकडे एक रुग्ण आला होता. त्याच्या खुब्यात त्या काळातला अॅक्रिलिकचा गोळा बसवलेला होता आणि हालचाल केली की तो करकरत असे, इतका की त्याची बायको त्याच्या जवळपास थांबायला नको म्हणे. दुसऱ्या कुणी हा प्रकार हसून सोडून दिला असता. चार्नली विचारात पडले की दोन पृष्ठभाग करकरतात याचा अर्थ त्यांच्यामधले घर्षण फार आहे, आणि घर्षण असेल तर गोळा हाडातून सैल होणारच. नैसर्गिक सांध्यातली कूर्चा बर्फावरच्या बर्फापेक्षाही गुळगुळीत असते. तिच्या जागी ठेवायचे काय?

आधी त्यांनी टेफ्लॉन घेतले, तव्यावर असते ते. गोळा धातूचा, वाटी टेफ्लॉनची. रुग्ण वेदनेविना चालू लागले आणि चार्नलींचे नाव झाले. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून आरपार जाऊ लागल्या, झिजेच्या भुकटीने आजूबाजूचे मांस सुजले. सुमारे तीनशे रुग्णांत हे सांधे बसवलेले होते आणि ते पुन्हा उघडण्याचे काम चार्नलींनीच केले. भुकटीचा शरीरावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेतले आणि जे दिसले ते छापून मोकळे झाले.

मग १९६२ साली एक विक्रेता राइटिंग्टनमध्ये आला. त्याच्याकडे कापडमागांच्या दातेरी चाकांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका नव्या प्लास्टिकचा नमुना होता: अतिशय लांब रेणूंचे, घट्ट पॉलिथिलीन. चार्नलींनी त्याला नख लावून पाहिले आणि ते निरुपयोगी आहे असे ठरवले. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याला तसे वाटले नाही. साहेब परगावी गेलेले असताना त्याने तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला आणि यंत्र दिवसरात्र चालू ठेवले. टेफ्लॉनची जेवढी झीज एका दिवसात होत असे, तेवढी या तुकड्याची तीन आठवड्यांतही झाली नव्हती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चार्नलींनी त्या प्लास्टिकची पहिली वाटी रुग्णाच्या खुब्यात बसवली. आज जगभरच्या बहुतेक कृत्रिम खुब्यांत आणि जवळजवळ प्रत्येक कृत्रिम गुडघ्यात त्याच पॉलिथिलीनची सुधारलेली रूपे आहेत. चार्नली आपल्या रुग्णांकडून आणखी एक वचन मागत: मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी परत द्यायचा. पुष्कळांनी दिलाही. सांधा वापरून किती झिजतो हे वैद्यकशास्त्र त्या परत आलेल्या सांध्यांवरून शिकले.

त्या शिकण्याचे फळ आकड्यांत दिसते. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार संपूर्ण गुडघेरोपण केलेल्या शंभरातल्या ८२ गुडघ्यांचा सांधा २५ वर्षे टिकतो, खुब्यांच्या बाबतीत ५८ खुबे. साठीत गुडघा बदललेल्या माणसाने पंचाऐंशीपर्यंतचा हिशेब त्यावर मांडायला हरकत नाही. मग त्या पंचवीस वर्षांत पाय काय करणार, हा प्रश्न आपोआप येतोच.

बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या गेओर्ग बेर्गमान यांच्या गटाने याचे उत्तर थेट गुडघ्याच्या आतून मिळवले. त्यांनी काही रुग्णांमध्ये असे सांधे बसवले की ज्यांच्या आत भार मोजणारी उपकरणे आणि एक छोटा प्रक्षेपक होता. रुग्ण चालला, जिना उतरला, उठला, बसला, की गुडघ्यावर त्या क्षणी किती ओझे आहे ते संगणकावर उमटे. चालताना गुडघ्यावर सरासरी शरीराच्या वजनाच्या २.६ पट भार येतो. जिना चढताना ३.२ पट, उतरताना जवळजवळ साडेतीन पट. खुर्चीतून नुसते उठतानाही अडीच पटीच्या जवळ. आणि साध्या वेगाने, बेताच्या ओढीवर सायकल मारताना? सुमारे १.२ पट. दोन पायांवर शांत उभे राहिल्यावर जेवढा भार येतो, त्याहून फारसा जास्त नाही. अमेरिकेतल्या ला होया इथल्या संशोधकांनी अशाच सांध्यांवर मोजणी केली तेव्हा स्टॅटिक सायकलचा आकडा याहूनही थोडा कमी आला. म्हाताऱ्यांचा खेळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोल्फचा, काठी फिरवतानाचा, चार पटीच्या वर गेला.

हे आकडे प्रत्येक अस्थिरुग्णालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला हवेत. ज्या घरात आजोबांना सायकल नको म्हणतात, त्याच घरात ते दिवसातून चार वेळा दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरत असतात.

बर्लिनच्या मोजणीतून आणखी एक उपयोगाची गोष्ट कळते. एकूण मेहनत तेवढीच, पण पायडल भरभर फिरवले, तर भार कमी होतो. सावकाश, दाबून मारले तर वाढतो. गिअरची सायकल असेल तर हलका गिअर, बिनगिअरची असेल तर चढावर उतरून चालणे. आपल्याकडे जड पायडल दाबण्यात जोर समजला जातो, पण नव्या गुडघ्याला भरभर फिरवणेच मानवते.

सायकल म्हणजे रामबाण, असे मात्र म्हणता येत नाही. जर्मनीतच ३६२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी निम्म्यांना नेहमीच्या व्यायामाबरोबर स्टॅटिक सायकल दिली. खुबा बदललेल्यांना तिचा फायदा झाला आणि तो दोन वर्षांनीही टिकून होता. गुडघेवाल्यांत असा फरक दिसला नाही. तेव्हा गुडघेवाल्याने सायकलवर बसायचे ते सायकलसाठी, बाजारात, देवळात, मित्राकडे आपल्या पायाने जाण्यासाठी. हे कारण औषधापेक्षा कमी मोलाचे नाही.

मराठी घरांत गुडघेरोपण हा शब्द रुळला तो २००० सालच्या ऑक्टोबरात. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, आणि पुढच्या जूनमध्ये उजवा. शस्त्रक्रिया केली ती न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी, मध्य प्रदेशातल्या एका खेड्यात जन्मलेल्या आणि आधुनिक कृत्रिम गुडघा घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या माणसाने. दररोज वृत्तपत्रांत पंतप्रधान किती पावले चालले ते येत होते, आणि सोसायट्यांच्या बाकांवर बसलेले हजारो दुखरे गुडघे ते वाचत होते. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी इथल्या माणसाचे हाड आणि उठबस लक्षात घेऊन ‘इंडस’ हा देशी गुडघा तयार केला. जमिनीवर बसणाऱ्या समाजाला ९० अंशांचा गुडघा पुरत नाही, हे त्यामागचे भान होते. २०१७च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमचा नेहमीचा गुडघा तोवर दीड लाखाच्या पुढे विकला जात होता, तो करांशिवाय ५४,७२० रुपयांवर आला. सांधा स्वस्त झाला. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीचे पैसे मात्र अजूनही पुष्कळ घरांना वायफळ वाटतात. ‘व्यायाम काय, घरीच करू की’ म्हणून बंद केलेली ती सत्रे हेच ९० अंशांवर अडकलेल्या गुडघ्यांचे मोठे कारण आहे.

खुब्याची गोष्ट निराळी. तिथे वाकण्याचा कोन जास्त झाला तर गोळा वाटीतून निसटण्याची भीती असते. मागच्या बाजूने उघडून खुबा बदलला असेल तर पहिले सहा ते बारा आठवडे मांडी ९० अंशांपलीकडे पोटाकडे आणायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही, असे बहुतेक डॉक्टर बजावतात. त्यामुळे शर्यतीच्या सायकलवर हँडलकडे झुकून बसणे ते दिवस तरी वर्ज्य. टांग मारून चढणे त्याहून अवघड.

तरीही खुब्यावर सायकलीने जे करून दाखवले ते चकित करणारे आहे. अमेरिकेचा फ्लॉइड लँडिस २००३च्या जानेवारीत सरावात पडला आणि त्याच्या मांडीच्या हाडाची मान मोडली. स्क्रू बसवले, पण हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला आणि गोळा हळूहळू मेला. त्याला पायावर पाय टाकून बसता येत नव्हते, चालणे लंगडे झाले होते. त्याच खुब्यावर तो २००६ची टूर द फ्रान्स फिरला आणि पहिला आला. उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत सापडल्याने ते विजेतेपद पुढे काढून घेतले गेले, आणि २०१०मध्ये त्याने आपण उत्तेजके घेतल्याची कबुली दिली. त्या विजयाबद्दल आदराने बोलण्याचे कारण नाही. पण मेलेल्या खुब्याला चालणे झेपत नव्हते आणि सायकल झेपत होती, ही गोष्ट त्याने खोटी ठरत नाही. २००६च्या सप्टेंबरात त्याच्या हाडाच्या गोळ्यावर धातूची टोपी बसवली. पुढच्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोतल्या लेडव्हिल इथे, तीन हजार मीटरच्या वर, शंभर मैलांच्या डोंगरी शर्यतीत तो दुसरा आला. अकरा महिन्यांत.

एडी मर्क्सचे उदाहरण जास्त जवळचे वाटते, कारण ते म्हातारपणाचे आहे. पाच वेळा टूर जिंकलेला हा बेल्जियन १९६९च्या सप्टेंबरात ब्लवा इथल्या सायकल शर्यतीच्या धावपट्टीवर भीषण अपघातात सापडला. वेग धरून देण्यासाठी त्याच्या पुढे मोटारसायकल चालवणारा माणूस जागीच गेला. मर्क्स वाचला, पण त्याचा कटिभाग पिळला गेला तो कायमचा. त्यानंतर सायकलवर आपण कधीच पूर्वीसारखे सुखाने बसलो नाही असे तो सांगत आला. शर्यत चालू असताना तो खिशातला पाना काढून सीट वर-खाली करी. लोकांना तो छांदिष्टपणा वाटे. सांधा बदलून सायकलवर परतलेल्या कुणालाही त्यात छंद दिसणार नाही. सीट पाच मिलिमीटर खाली गेली तर माथ्यावर गुडघ्यात काय होते ते तो सांगू शकतो. २०२४च्या डिसेंबरात ७९ वर्षांचे मर्क्स सायकल चालवतानाच पडले, खुबा मोडला आणि तो बदलावा लागला. पुढे जंतुसंसर्ग झाल्याने त्यांना पुन्हा शस्त्रक्रियांतून जावे लागले. सांधा बदललेल्यांपैकी शंभरात एखाद्या-दोघांच्या वाट्याला हा संसर्ग येतो, आणि जगातला सर्वश्रेष्ठ सायकलपटू असणे त्यापुढे कामाला येत नाही.

मर्क्सच्या पडण्याने खरा धोका कुठे आहे ते दिसते. तो पायडल मारण्यात नाही, पडण्यात आहे. धातूच्या दांड्याभोवतीचे हाड मोडले तर ते जोडणे साध्या हाडापेक्षा फार कठीण. म्हणून परतीच्या वाटेवर सायकल बदलावी लागते. आडव्या नळीची ती जुनी २४ इंची, जिच्यावर टांग मारून कॉलेज केले, नोकरी केली, पोराला दांडीवर बसवून शाळेत सोडले, ती आता कामाची नाही. खाली झुकलेल्या नळीची सायकल हवी, पाय समोरून आत टाकता येईल अशी. थांबताना टेकायचा पाय शक्यतो न बदललेला. टायर रुंद, ब्रेक हलके. मिळाली तर लहान क्रँक: १७०ऐवजी १५०ची बसवली तर पायडल माथ्यावर २० मिलिमीटर खाली राहते, आणि खालच्या टोकाला ते तेवढेच वर आल्याने सीट २० मिलिमीटर वर घेता येते. माथ्यावर गुडघ्याला अशी एकूण ४० मिलिमीटर जागा सापडते. ९५ अंशांवर अडलेल्या गुडघ्यासाठी एवढ्याने दार उघडते. परदेशी शर्यतपटूही आता लहान क्रँककडे वळत आहेत, त्यामुळे ती मागताना दुकानात कुणी वेड्यात काढणार नाही.

रस्त्याचे काय, हा प्रश्न पुण्यात विचारावाच लागतो. एके काळी हे सायकलींचे शहर होते. शाळा-कॉलेजे सुटण्याच्या वेळी लक्ष्मी रस्त्यावर घंट्यांचाच आवाज असे. आता त्याच रस्त्यावर सत्तरीतल्या माणसाने सायकल काढणे धाडसाचे आहे, आणि त्याला तसे सांगणारी मुले चूक नाहीत. सायकल मार्ग आखले गेले, त्यांवर दुचाक्या उभ्या राहिल्या, मध्येच झाडे आणि विजेचे खांब आले. कृत्रिम गुडघ्याचा माणूस खड्डा चुकवायला झटकन वळू शकत नाही. त्याला सपाट, अखंड, आपल्यापुरता मीटरभर रस्ता लागतो. शस्त्रक्रियांसाठी आपल्या शहरांत उत्तम रुग्णालये उभी राहिली, पण बऱ्या झालेल्या पायांना जायला हा मीटरभर रस्ता महापालिका देत नाहीत. याचा राग यायला हवा. तोवर पहाटेची वेळ, विद्यापीठाच्या आवारासारख्या शांत जागा आणि सोसायटीतला वळसा, एवढ्यावर भागवावे लागते.

आणि या सगळ्या बोलण्यात ‘काका’च का? भारतात गुडघे बदलून घेणाऱ्यांत बायकांची संख्या पुरुषांहून जास्त आहे. त्यांतल्या कितीतरी जणी मुलीपणी तालुक्याच्या शाळेत सायकलने गेल्या, लग्न झाले आणि सायकल माहेरी राहिली. पुढची चाळीस वर्षे ओट्यापाशी उभे राहण्यात, जिने चढण्यात आणि पाटावर बसून उठण्यात गेली. त्यांना स्टॅटिक सायकलवर बसवले की पहिल्यांदा त्या लाजतात, साडी सावरतात, “आता या वयात?” म्हणतात. पाय मात्र लय विसरलेला नसतो. फेरा पुरा होऊ लागल्यावर पुढचे त्यांना कुणी विचारत नाही. बाहेर चालवायची का, कुठली सायकल घ्यायची, सीट किती वर ठेवायची, हे सगळे काकांशी बोलायचे विषय ठरतात. झुकत्या नळीची लेडीज सायकल तर प्रत्येक दुकानाच्या दाराशी उभी असते. डिस्चार्जच्या कागदावर ‘कमोड वापरा, जमिनीवर बसू नका’ यांच्याखाली आणखी एक ओळ लिहायला डॉक्टरांना फार वेळ लागणार नाही: पूर्वी सायकल चालवत होता का, आणि पुन्हा चालवायची आहे का.